आड की विहीर? पुण्यात नव्यानं आलेल्यांसाठी ओळख वाढवायचा एक खेळ

पुण्यातल्या माणसाला स्वतःबद्दल काही विचारलं की तो आखडतो, हे नव्यानं आलेल्याला पहिल्या महिन्यातच कळतं. 'तुम्ही मूळचे कुठले? घरी कोण कोण असतं?' याला एका शब्दात उत्तर येतं आणि पाठोपाठ 'का बरं?' असा उलटा प्रश्न. पण त्याच माणसाला मत विचारून बघा. मिसळीत पोहे असावेत का, लक्ष्मी रस्त्यावर गाडी न्यावी का, मेट्रोनं काही फरक पडला का. समोरचा चहा थंड होतो, पण मत संपत नाही. आणि त्या मतातून त्याचं घर, त्याचा स्वभाव, त्याची धास्ती असं बरंच काही हळूच बाहेर येतं.

पेचात टाकणारे गमतीशीर प्रश्न याच फटीतून आत शिरतात. दोन पर्याय द्यायचे, एकच निवडायला लावायचा. आमच्या ग्रुपमध्ये याचं नाव 'आडविहीर', अर्थात 'इकडे आड, तिकडे विहीर'वरून.

मी २०११ साली लातूरहून नोकरीसाठी आले, तेव्हा कर्वेनगरात चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक सांगलीची, एक जळगावची, एक नाशिकची. दीड महिना झाला तरी आम्हाला एकमेकींच्या बादल्यांचे रंग तेवढे पाठ होते. एका रात्री लाईट गेली. इन्व्हर्टर नव्हता, मोबाईल मरायला टेकलेले. गॅलरीत बसल्या बसल्या जळगावची म्हणाली, "सांगा, आत्ता एकच मिळणारे. पंखा, का आईच्या हातची गरम शेवभाजी?"

सांगलीची पटकन म्हणाली, "पंखा. जेवणाचं नावच काढू नका बाई."

"का गं?"

तर त्यांची खानावळ होती. बारावीपर्यंत रोज संध्याकाळी शंभरेक पोळ्या लाटलेली पोरगी ती. आणि आम्ही तिघी दीड महिना तिच्या पाठीमागे कुरकुरत होतो, की ही महाराणी कधी पोळपाटाला हात लावत नाही.

त्या रात्रीपासून मला या खेळाची चटक लागली. आता टेकडीवरचा आमचा सात-आठ जणांचा कट्टा त्यावरच चालतो. नवीन आलेल्यांना कसं सुरू करायचं ते सांगते.

पहिली पायरी: जागा

रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या नावाजलेल्या हॉटेलात हा खेळ काढू नका. तिथं तुमच्या टेबलाशेजारी पुढचे चौघे उभे असतात आणि डोशाचा शेवटचा तुकडा कधी उचलताय यावर त्यांची नजर असते. अशा वेळी माणूस मनातलं बोलत नाही, बिल मागतो. अमृततुल्यात एक प्रश्न बसतो, फार तर दीड. लोणावळा लोकल चालेल. सिंहगड पायी चढणार असाल तर फारच छान, कारण दम लागलेला माणूस सजवून बोलत नाही. वर पिठलं-भाकरी समोर आली की मग लांबण लावता येते.

माझी पसंती मात्र वेताळ टेकडीला. लॉ कॉलेज रस्ता, पाषाण, कोथरूड, कुठूनही चढता येतं. चालताना दोघं वाटेकडे बघत असतात, एकमेकांच्या तोंडाकडे नाही. अवघड उत्तर द्यायला त्यानं फार सोपं जातं. शिवाय तिघं-चौघं मिळून चाललात तरी बोलणं आपोआप दोघा-दोघांत वाटलं जातं.

आणि वर, शहरातल्या सगळ्यांत उंच जागी, प्रत्यक्ष वेताळाचं देऊळ आहे. पेचप्रश्नांना कुलदैवत द्यायचंच झालं तर दुसरं कोण?

दुसरी पायरी: नियम वेताळाचेच

विक्रम आणि वेताळ आपण लहानपणी गोष्ट म्हणून ऐकलेले असतात. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. राजा प्रेत खांद्यावर टाकून निघालाय, प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी पेच टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आपले नियम तिथूनच घ्यायचे. उत्तर द्यावंच लागतं. 'दोन्ही' चालत नाही आणि 'ते परिस्थितीवर अवलंबून आहे' तर मुळीच चालत नाही. शकलं वगैरे राहू द्या, आमच्याकडे टाळाटाळ करणाऱ्यानं सगळ्यांचा चहा पाजायचा असतो.

नवख्यांनी पहिला पेच वेताळाचाच उचलावा, म्हणजे कुणाला आपली झडती चाललीय असं वाटत नाही. माझा आवडता हा: एका मुलीला तीन तरुणांनी मागणी घातलेली. लग्नाआधीच ती मुलगी जाते. एक जण स्मशानात तिच्या राखेवरच अंथरूण टाकून राहतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो, कुठूनतरी संजीवनी मंत्र मिळवतो, परत येतो आणि तिला जिवंत करतो. आता ती बायको कुणाची?

आमच्या फ्लॅटमध्ये यावर दोन दिवस जुंपली होती. नाशिकची म्हणाली, मंत्रवाल्याची, काम त्यानं केलंय. जळगावची म्हणाली, राखेवाल्याची, तो हललाच नाही तिथून. सांगलीची दात घासता घासता म्हणाली, "तिला विचारा की कुणीतरी!"

विक्रमाचं उत्तर वेगळ्याच अंगानं जातं. ज्यानं जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या त्यानं मुलाचं कर्तव्य केलं, आणि राखेला बिलगून राहिला तो नवरा. ते पटो न पटो. मला मात्र त्या दोन दिवसांत कळलं की नाशिकची केलेल्या कामाचा हिशोब ठेवणार, जळगावचीला कुणीतरी सोबत बसलेलं हवं, आणि सांगलीचीच्या वतीनं तिला न विचारता काही ठरवायचं नाही. पुढची चार वर्षं याच अंदाजावर आमचं घर चाललं.

तिसरी पायरी: पेच बांधायचा कसा

इथं बहुतेक जण फसतात. 'पैसा की प्रेम?' हा पेच नाही. सगळे 'प्रेम' म्हणतात आणि विषय मिटतो. 'समुद्र की डोंगर?' हाही नाही. त्याला उत्तर असतं, पण त्यात कुणाचं काही जात नाही.

पेचात दोन्ही पारड्यांत काहीतरी हवंहवंसं लागतं आणि दोन्हीकडे काहीतरी गमवावं लागतं. आणि ते वजन नेमकं सांगावं लागतं: किती वेळ, किती पैसे, कोणता वार, सोबत कोण. आता 'पैसा की प्रेम'ची डागडुजी करू. 'पगार दीडपट होतोय, पण शनिवार गेला. आणि शनिवारीच तुझी सगळी दोस्तमंडळी भेटतात. घेशील?' आता माणूस थांबतो. वर बघतो. बोटांवर काहीतरी मोजतो. तो थांबला म्हणजे प्रश्न जमला.

अजून एक, शेजाऱ्यांचा. पहिल्यांदा मी तो असा विचारायचे: 'चांगला शेजारी की चांगलं घर?' मुळमुळीत. आता असा विचारते: 'एक शेजारी येता-जाता चौकशा करतो, कुठं निघालात, पाहुणे कोण आले, पिशवीत काय आहे, पण रात्री दोन वाजता दार वाजवलं तर चप्पल घालून बाहेर येईल. दुसरा कधी त्रास देत नाही, पण त्याचं नावही तुला माहीत नाही. कुणाच्या शेजारी राहशील?' हा प्रश्न मी निदान पन्नास जणांना विचारला असेल. छोट्या गावातून आलेले सगळे पहिला शेजारी निवडतील असं मला वाटायचं. साफ चुकले. गावातून आलेल्या कित्येक मुली क्षणाचाही विचार न करता दुसरा निवडतात. असल्या चौकश्यांपासूनच तर त्या सुटून आलेल्या असतात.

प्रश्न तयार झाला की तो मनातल्या मनात ओळखीच्या पाच जणांना विचारून बघा. पाचही जण एकाच बाजूला गेले तर प्रश्न मेलेला आहे. हलक्या पारड्यात थोडं घाला, जड पारड्यातलं थोडं काढा. भाजीवाली काट्यावर शेवटची मिरची टाकते ना, तेवढंच.

आणि वाक्य छोटं ठेवा. जो पेच समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, त्याला पुण्यात तीन दुरुस्त्या येतात.

चौथी पायरी: 'का?' विचारा आणि गप्प बसा

मानसशास्त्रात लॉरेन्स कोलबर्ग नावाचा अमेरिकन संशोधक होऊन गेला. १९५८ साली त्यानं पीएचडीसाठी मुलांपुढे असेच पेच ठेवले होते. त्यातला सगळ्यांत गाजलेला हाइन्झचा. बायको मरणाच्या दारात, औषध एकाच दुकानदाराकडे. त्याला ते पडतं २०० डॉलरला आणि तो मागतो २,०००. नवऱ्याकडे जमलेत जेमतेम १,०००. दुकानदार ऐकत नाही. चोरी करावी का? कोलबर्गला 'हो' का 'नाही' याच्याशी देणंघेणं नव्हतं. तो कारण ऐकायचा. 'पोलीस पकडतील' म्हणून नको म्हणणारा आणि 'असं सगळ्यांनीच केलं तर?' म्हणून नको म्हणणारा, दोघांचं उत्तर एकच, पण माणसं वेगळी.

म्हणून उत्तर आलं की फक्त 'का?' म्हणायचं, किंवा 'का रे?', 'का गं?', 'असं का म्हणता?', जसं नातं असेल तसं. आणि मग तोंड मिटायचं. ही मला अजूनही सगळ्यांत अवघड जाणारी पायरी आहे. समोरचा अडखळला की आपण त्याचं वाक्य पूर्ण करायला धावतो. करू नका. अडखळल्यानंतर जे वाक्य येतं, त्याच्यासाठीच तर एवढी टेकडी चढून आलात.

वाद घालायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं का? पुण्यात हवं.

पाचवी पायरी: एकच मिरची बदला

उत्तर मिळालं की प्रश्न टाकून देऊ नका. त्यातली एक गोष्ट बदला आणि पुन्हा विचारा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्याच हॉटेलाचं घ्या. 'आवडतं हॉटेल, पाऊण तास वेटिंग. का शेजारचं रिकामं, चव ठीकठाक?' कुणी म्हणालं, थांबणार. बरं, सोबत भुकेली लहान भाची असेल तर? सोबत बॉस असेल तर? एकटाच असशील तर? माझा एक सहकारी भाचीसाठी हलला नाही, बॉससाठीही नाही, पण 'एकटा असशील तर' म्हटल्यावर लगेच म्हणाला, "छे, एकटा असेन तर घरी जाऊन मॅगी." एकट्यानं हॉटेलात बसायला त्याला लाज वाटते. पुण्यात येऊन दोन वर्षं झाली होती त्याला. तेव्हापासून आम्ही त्याला मुद्दाम बोलावतो.

तत्त्वज्ञान शिकलेल्यांना ही युक्ती ठाऊक असते. १९६७ साली फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी ब्रेक फेल झालेल्या ट्रामचा पेच मांडला. सरळ गेली तर पाच कामगार मरतात, वळवली तर एक. पुढे ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्यात बदल केला. आता रुळांवर पूल आहे, त्यावर एक धिप्पाड माणूस उभा आहे, त्याला खाली ढकललं तरच ट्राम थांबेल. गणित तेच, एकाच्या बदल्यात पाच. तरी ट्राम वळवायला तयार असलेले बरेच जण इथं हात आखडता घेतात. कुठल्या टोकाला माणूस पलटतो ते बघायचं असेल तर यासारखा नमुना नाही. जेवणाच्या ताटावर मात्र काढू नका. मी काढला होता. समोरचीनं वरण-भात तसाच ठेवला.

सहावी पायरी: आपलीही पाळी असते

नुसतेच प्रश्न विचारणारा माणूस चौथ्या प्रश्नाला पोलीस वाटायला लागतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःही द्यायचं, शक्यतो समोरच्याच्या नंतर, म्हणजे त्याच्यावर आपलं दडपण येत नाही. १९९७ साली आर्थर अॅरन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी जोड्यांना ३६ प्रश्न दिले, तीन टप्प्यांत, हळूहळू जास्त खासगी होत जाणारे. दोघांनीही उत्तरं द्यायची, वेळ पाऊण तास. नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. ते सगळे पेचप्रश्न नव्हते, पण उतरण तीच. आधी घोटाभर पाणी, मग कमरेपर्यंत.

मी ही उतरण एकदा सोडली आणि आपटले. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सहा जण डबे उघडून बसलेले, नवीन आलेल्या एका मुलाला मी विचारलं, "आई-वडिलांजवळ राहून कमी पगार, का लांब राहून जास्त?" तो हसला, म्हणाला, "आलोच," आणि डबा तसाच ठेवून उठला. वडिलांना त्याच आठवड्यात पॅरॅलिसिसचा झटका आला होता आणि त्याची रजा अजून मंजूर झाली नव्हती. माझ्या प्रश्नात वाईट काही नव्हतं. जागा चुकली, वेळ चुकली, आणि घोटाभर पाण्याच्या आधी मी त्याला मध्यात ढकललं. मी संध्याकाळी माफी मागितली. तो "अहो, असू दे हो" म्हणाला. त्यापुढं बरेच महिने आम्ही फक्त 'गुड मॉर्निंग'वर होतो.

काही प्रश्न गमतीचे दिसतात पण नसतात. 'व्हेज की नॉनव्हेज?' हा इथं घर शोधताना विचारला जातो, आणि ज्याला त्यावरून दोन-तीन ठिकाणी नकार मिळालाय त्याला तो खेळ वाटत नाही. आडनावाच्या वळणानं जाणारं काहीही नको, त्यातून लोक काय काढून घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पगाराचा खरा आकडा, लग्न, मूल हेही नको. 'आई की बायको?' हा विनोद म्हणूनही नको.

काही पेच, तसेच्या तसे उचला

- रोज दोन तास हिंजवडीचा ट्रॅफिक आणि स्वतःची खोली, का ऑफिसपासून पाच मिनिटांवर तिघांत एक खोली?
- गणपतीचे दहा दिवस ढोल-ताशा पथकात, का दहा दिवस गावी? (ज्यांनी लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस उजाडेपर्यंत पाहिलीय, त्यांना हा फार जड जातो.)
- मित्राचं नाटक बघायला गेलास. प्रयोग साफ पडला. तो मेकअप न उतरवता धावत आला, "कसं झालं?" खरं आत्ता सांगशील, का चार दिवसांनी?
- कायम दहा मिनिटं लवकर पोचणारा जोडीदार, का कायम दहा मिनिटं उशिरा, पण आल्यावर मैफल जमवणारा?
- दहा वर्षांपूर्वीचा एक निर्णय बदलता येईल, का दहा वर्षांनंतरचा एक दिवस आज बघता येईल?
- मित्र एमपीएससीच्या पाचव्या प्रयत्नाला बसलाय. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास. तुला मनातून वाटतं, नाही व्हायचं. तोंडावर सांगशील, का काही न बोलता डबा पोचवत राहशील?

शेवटचा फक्त टेकडी उतरताना, आणि फक्त एकाला. त्यावर मला मिळालेलं सगळ्यांत चांगलं उत्तर एका मुलानं दिलं होतं. तो म्हणाला, "मला डबा पोचवलेला. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण डबा चुकवला असता तर मी मेलोच असतो." तो आता बँकेत आहे.

कुणी काहीच बोललं नाही तर? राहू द्या. वेताळाच्या शेवटच्या पेचाला विक्रमही गप्पच राहिला होता. बाप-लेकानं रस्त्यात दोन पाऊलठसे बघून ठरवलं, लहान पावलांची त्यातल्या एकाला, मोठ्या पावलांची दुसऱ्याला. निघाल्या त्या मायलेकी, लहान पाऊल आईचं, आणि लग्नं झाली उलटसुलट. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सुचेना, तो मुकाट चालत राहिला, आणि वेताळ त्याच्यावर तेव्हाच प्रसन्न झाला. त्या वेळी चहाचा दंडही लावायचा नाही.

आणि 'प्रश्नच चुकीचा आहे' म्हणाले तर

हे उत्तर तुम्हाला मिळणार. नक्की मिळणार. टेकडीवर रोज येणारे एक काका आहेत, सत्तरी उलटलेली, हातात काठी, ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. एकदा आमचं ऐकत होते म्हणून मी त्यांनाच विचारलं, "काका, तुम्ही सांगा. चौकशी करणारा शेजारी, का नाव माहीत नसलेला?"

"प्रश्न चुकीचा आहे."

"कसा काय?"

"रात्री दोनला दार उघडणारा चौकश्या करतोच असं कुणी सांगितलं? तुम्ही दोन गुण जबरदस्तीनं एका माणसात कोंबलेत." आणि काठी पुढे करून निघून गेले.

अशा वेळी नियम दाखवू नका, दंड तर मागूच नका. पर्याय नाकारणाऱ्याला एवढंच म्हणायचं, 'मग तुम्ही दुरुस्त करून द्या.' ते मी त्यांच्या पाठीला उद्देशून म्हणाले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी देवळापाशी भेटले. खिशातून तारखेचं फाडलेलं पान काढलं. मागं शाईच्या पेननं, दाराबाहेरच्या पाटीवर लिहितात तशा सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'चाळीस वर्षं शेजारी राहिलेला माणूस मुलाकडे अमेरिकेला चालला आहे. (अ) त्यास थांब म्हणावे. (ब) त्याची कुंडीतली तुळस मागून घ्यावी. एकच पर्याय निवडावा. कारण द्यावे.'

मी वाचून वर बघितलं, तर ते खाली कोथरूडच्या दिशेला बघत होते.

"मी (ब) केलं," ते म्हणाले. "आता विचारा, का."